परीक्षा होईपर्यंत घरात मालवणी बंद

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं जे काम केलं, ते म्हणजे एका बाईच्या निरोपसमारंभाची तयारी. ती बाई नव्हतीच. पुस्तकात लिहिलं होतं की तुमच्याबरोबर काम करणारी एक बाई नोकरी सोडून दुसऱ्या गावी चालली आहे, तिला निरोप द्यायचा आहे, तर दोघांनी मिळून ठरवा. कुठे करायचं, केव्हा करायचं, खायला काय, भेट काय, कोण काय आणणार. बायकोच्या जर्मनच्या तोंडी परीक्षेत शेवटचा प्रश्न असाच असायचा. दोन माणसांना समोरासमोर बसवतात आणि कुठेच नसलेल्या माणसासाठी काहीतरी ठरवायला लावतात. परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी होती. म्हणून दुपारचा चहा झाल्यावर आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी समोरासमोर बसलो.

"मी बटाट्याचं सॅलड आणते," ती जर्मनमध्ये म्हणाली.

"तुला कुठे येतं बटाट्याचं सॅलड?" मीही जर्मनमध्येच.

"परीक्षेत खोटं बोललं तरी चालतं. आमच्या बाईंनी सांगितलंय. जर्मन तेवढं खरं पाहिजे."

एवढं लांब वाक्य तिने कुठेही न अडखळता म्हटलं. शाबास म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "पुढे."

पुढे तिने हॉल ठरवला, वार ठरवला, शुक्रवार नको, शुक्रवारी सगळ्यांना घरी जायची घाई असते, हेही कारण दिलं. भेट म्हणून फुलांची कुंडी ठरवली. मी म्हटलं कुंडी आगगाडीतून कशी नेणार ती बाई? त्यावर ती हसली. मग हातातली पेन्सिल खाली ठेवली, उजव्या हाताने डावा खांदा चोळला आणि म्हणाली, "अवो, तुमका एक सांगूचा आसा."

मी बोट वर केलं. आमच्या घरात त्या बोटाचा अर्थ ठरलेला होता, जर्मनमध्ये बोल.

"डॉइच, बिट्टे."

तिने माझ्याकडे बघितलं. ओठ हलले. शब्द जुळवत असावी. मग म्हणाली, "निश्ट विश्टिश." म्हणजे महत्त्वाचं काही नाही. आणि पुस्तकाकडे बघून विचारलं, "केक कोण आणणार?"

मी म्हटलं, "मी आणतो."

मी सातवी पास. लिहायची सवय नाही, जहाजावरून घरी पत्रं लिहायचो तेवढीच. त्यामुळे हे जसं येईल तसं लिहितोय. पण बोट वर केलं ते मी केलं, हे आधी लिहून टाकलं. नाहीतर मी कुठेतरी मध्येच ते गाळलं असतं. मी माझ्या स्वभावाला ओळखतो.

माझं गाव देवगडच्या बाजूचं. जहाजावर कुक म्हणून लागलो आणि फिरत फिरत हॅम्बर्गला उतरलो तो उतरलोच. इथल्या बंदरातल्या एका कँटीनमध्ये पहिली पाच वर्षं पातेली घासली, मग रांधू लागलो, आणि पेन्शनीत निघालो तेव्हा त्या कँटीनमध्ये रोज चारशे माणूस जेवत होतं. मला इथे कायम राहायचा कागद मिळाला तेव्हा परीक्षा-बिरीक्षा काही नव्हती. ऑफिसातल्या माणसाने दोन प्रश्न विचारले, मी बंदरातल्या जर्मनमध्ये उत्तरं दिली, तो हसला आणि त्याने शिक्का मारला. मला आजही जर्मनमध्ये चार ओळी धड लिहिता येत नाहीत.

बायको मात्र दहावी पास. हे मी कोणाला सांगत नसे. लग्नानंतर ती गावी राहिली, कारण माझी आई होती, अंगण होतं, गुरं होती. मी दोन वर्षांतून एकदा जायचो. मुलगी तिनेच वाढवली, शिकवली, पुण्याला इंजिनियर केली. आई गेली तेव्हा बायको पन्नाशीला आली होती. मग मी तिला म्हटलं, आता ये. तर इकडचा कायदा तोवर बदललेला. नवऱ्याकडे यायचं तर बायकोला आधी थोडं जर्मन यायला हवं, तसं सर्टिफिकेट हवं. ती मुंबईला भावाकडे पाच महिने राहिली, पोरीच्या वयाच्या मुलांबरोबर वर्गात बसली आणि दुसऱ्या खेपेला पास होऊन आली. विमानतळावर मी तिला घ्यायला गेलो, तर तिने मला जर्मनमध्ये गुटन टाग केलं. खूप दिवस घोकून आणलं असेल. मी आजूबाजूला बघितलं आणि म्हटलं, "गप रव गो, लोक बघतत."

तिथून पुढे बारा वर्षं माझं हेच वाक्य. दुकानात, बसमध्ये, घरमालकाकडे, डॉक्टरकडे. "तू गप रव. मी बोलतंय." मला वाटायचं मी तिचा त्रास वाचवतोय. चारचौघांत तिचं हसं होऊ नये म्हणून बोलतोय. खरं सांगायचं तर मला घाईची सवय. कँटीनमध्ये चारशे ताटं वाढणाऱ्या माणसाला समोरचा शब्द शोधत बसला की सहन होत नाही.

दर दोन-तीन वर्षांनी तिचं राहण्याचं कार्ड वाढवून घ्यायला आउसलॅन्डरबेहोर्डमध्ये जावं लागायचं, म्हणजे परदेशी माणसांच्या कागदपत्रांचं ऑफिस. मागच्या खेपेला तिथे एक तरुण माणूस होता. त्याने तिला विचारलं, "इथे किती वर्षं झाली?"

मी म्हटलं, "बारा."

"मी तुमच्या पत्नीला विचारतोय."

मला राग आला. माझ्या मुलीपेक्षा लहान असेल तो. बायको म्हणाली, "झ्वोल्फ यारं." बारा वर्षं. मग त्याने आणखी विचारलं, ती आणखी बोलली. चुकत, थांबत, पण बोलली. तो म्हणाला, तुम्ही कायमचा परवाना का घेत नाही? बाकी सगळं आहे. नवऱ्याची पेन्शन आहे, घर आहे. फक्त बी-वनचं सर्टिफिकेट आणा.

बी-वन म्हणजे भाषेची तिसरी पायरी. ती चढली की दर दोन-तीन वर्षांनी हात जोडून जायला नको.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "बघितलात? माका बोलूक येता."

"बारा म्हणूक काय लागता?" मी म्हटलं. "बारा तर पोपट पण म्हणात."

ती हसली नाही. पण दुसऱ्याच आठवड्यात तिने संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं.

मलाही ते हवंच होतं, खोटं कशाला बोलू. चार वर्षांपूर्वी माझं बायपास झालं. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच. मी तिच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा, छाती चिरलेला माणूस, मी आधी जाणार हे ठरलेलं. मग हिचं काय? माझ्या नावावर मिळालेलं कार्ड, मी गेल्यावर कोणी काढून घेतलं तर? मुलगी आता म्युनिकला नोकरीला आहे. ती फोनवर सांगायची, "बाबा, असं कोणी हाकलत नाही. तुमचं लग्न झालंय, इतकी वर्षं एकत्र राहिलाय, कायदा आहे." मी म्हणायचो, कायदा तू बघितलास, मी कारकून बघितलेत.

बायकोला म्हणायचो, "मी मेलंय तर तुका हाकलून घालतीत. कागद हातात होयो."

ती म्हणायची, "मरूची घाई कित्याक तुमका? आधी माका पास तर होवंदे."

वर्ग तिला मानवला. आठवड्यातून चार संध्याकाळी जायची. परत आली की ताजी असायची. एकदा म्हणाली, "मी वर्गात तुमचा जर्मन बोलान दाखवलंय. बाई हसली. म्हणता, ह्या खयच्या जहाजावरचा?" मीही हसलो, पण मला ते लागलं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला असलं लागू नये.

परीक्षेला दीड महिना राहिला तेव्हा त्या बाईंनी वर्गातल्या सगळ्यांच्या घरच्यांना एक संध्याकाळ बोलावलं. चहा-बिस्किटं होती. बाई मला म्हणाल्या, "तुमची पत्नी हुशार आहे, फक्त बोलण्याचा सराव कमी पडतो. घरी थोडं जर्मन बोलत जा."

थोडं, असं म्हणाल्या त्या. मला थोडं कळत नाही. जहाजावर कॅप्टनने सांगितलं डेक धुवा, तर डेक धुतला जातो, थोडा धुतला जात नाही. मी घरी आलो आणि जाहीर केलं की परीक्षा होईपर्यंत घरात मालवणी बंद. मालवणीत बोललीस तर मी उत्तर देणार नाही.

"आणि कढी फुटली तर? फुटत हा म्हणान जर्मनमध्ये सांगू?" ती म्हणाली.

मी बोट वर केलं. "डॉइच, बिट्टे."

पहिल्या दिवशी आम्हाला दोघांनाही मजा वाटली. ती पोळीला बोट लावून 'ब्रोट' म्हणायची, माझ्या टकलाला बोट लावून काय काय म्हणायची. चार-पाच दिवसांनी मजा संपली. घर शांत झालं. जर्मनमध्ये तिला मीठ मागता यायचं, बस कितीला आहे विचारता यायचं, हवेविषयी बोलता यायचं. पण गावच्या घराचं छप्पर यंदा शाकारलं का, जावेचा गुडघा कसा आहे, कालचं स्वप्न काय पडलं, हे कसलं जर्मनमध्ये येतंय तिला? ते सगळं ती सोडून देऊ लागली. मला वाटलं, बरं झालं, डोकं अभ्यासात आहे. मुलीशी फोनवर मालवणीत बोलायची तेव्हा स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची, चोरून बोलल्यासारखी. मी ते बघायचो आणि मला वाटायचं नियम पाळला जातोय.

मुलीला कळलं तेव्हा ती माझ्यावर ओरडली. "बाबा, तुम्हाला तरी येतं का बी-वन? तुम्ही बसा परीक्षेला, बघू किती मार्क पडतात!"

मी म्हटलं, "मला गरज नाही. मी आधी मरणार आहे."

आता डॉक्टरचं लिहितो.

परीक्षेच्या तीन आठवडे आधी ती सकाळी पायऱ्यांवर बसलेली दिसली. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बाजूला पिशवी, त्यात बांगडे. मला बघून उठली. म्हणाली, "छातीत कसासाच होता. चार पायऱ्यो चढलंय की दम लागता." तेवढं मालवणी मी चालवून घेतलं. उपकार केल्यासारखं.

त्याच आठवड्यात आमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. चांगला माणूस आहे, माझं बायपास त्याच्यामुळे वेळेत झालं. त्याने खुर्ची तिच्याकडे वळवली आणि विचारलं, काय होतंय?

तिने हात छातीवर ठेवला. "हियर," ती म्हणाली. इथे. मग थांबली. शब्द शोधत होती. "श्वेर." जड. पुन्हा थांबली.

आणि मी बोललो. मी म्हटलं, "परीक्षा आहे तिची. घाबरलीय. रात्री झोपत नाही, त्याचं आहे."

माझा तसा समज होता खरा. शाळेत पोरांच्या पोटात दुखतं तसं. पण समज असणं वेगळं आणि माणसाला बोलू न देणं वेगळं. डॉक्टरने तिला विचारलं, "असंच आहे का?" तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "या." हो.

डॉक्टरने तरी ब्लडप्रेशर बघितलं, ते जास्त होतं. म्हणाला गुरुवारी या, छातीचा आलेख काढू, रक्त तपासू. गुरुवारी तिच्या वर्गात सराव परीक्षा होती. मी म्हटलं, "नाख डेर प्रूफुंग." परीक्षेनंतर. तो म्हणाला, लांबवू नका. मी म्हटलं, "या, या, गेनाऊ," हो, हो, बरोबर, आणि तिचा कोट हातात घेऊन उभा राहिलो.

तो आलेख काढला असता तर ती वाचली असती का? मला माहीत नाही. मुलगी म्हणते, बाबा, तसं कोणीच सांगू शकत नाही. मी डॉक्टरला विचारलं नाही. हो म्हणाला असता तर काय करणार होतो, आणि नाही म्हणाला असता तर मला विश्वास बसला नसता.

'परीक्षेनंतर' हे आमच्या घरातलं वेळापत्रकच झालं होतं. परीक्षेनंतर गावी जाऊ. परीक्षेनंतर तिला दात दाखवायचा होता. परीक्षेनंतर मालवणी.

तर त्या संध्याकाळी केक मी आणायचा ठरला आणि निरोपसमारंभ पार पडला. ती उठली, ओट्याकडे भात लावायला गेली. मी तिच्याकडे पाठ करून टेबलाशीच तिचं पुस्तक चाळत होतो. तिने नळ सोडलेला ऐकला, तांदूळ धुतलेले ऐकले. मग टोप पडल्याचा आवाज आला. मी म्हटलं, "वास इस्ट लोस?" काय झालं. देवा, तेव्हासुद्धा मी जर्मनमध्ये विचारलं.

ती ओट्याला टेकून खाली बसली होती. डोळे उघडे होते. मी तिला मालवणीत हाका मारल्या, पण ती काही बोलली नाही. तांदूळ सगळीकडे पसरले होते, ते माझ्या गुडघ्यांना टोचत होते.

अँब्युलन्सवाले लवकर आले. तीन माणसं, एक बाई. ते छाती दाबत होते आणि बाई मला विचारत होती. आधी काही त्रास? मी म्हटलं, परीक्षा. ती म्हणाली, काय? मग मी छाती, दम, पायऱ्या असं सांगितलं. तिने विचारलं, "आज काही म्हणाल्या का? दुखतंय वगैरे? काही बोलल्या?"

मी म्हटलं, "नाइन."

नाही, म्हटलं. तिला काही सांगायचं होतं आणि मी बोट वर केलं, हे मी सांगितलं नाही. त्या बाईने कागदावर काहीतरी लिहिलं. माझं नाइनच लिहिलं असेल.

हॉस्पिटलमध्ये आठ वाजायच्या आत डॉक्टर बाहेर आले. मी त्यांच्या तोंडाकडे बघूनच उठलो. मग मुलीला फोन केला. ती आधी रडलीच नाही, नुसतं बाबा, बाबा करत राहिली. मग विचारलं, "आई काही बोलली का? शेवटचं काही?"

"नाही गो," मी म्हटलं. "अचानकच झालं."

एका संध्याकाळी तेच खोटं दोनदा. दुसऱ्यांदा सोपं गेलं.

रात्रीचं लिहीत नाही. सकाळी सात वाजता मी तांदूळ गोळा केले. तिची पिशवी खुर्चीवर तयार होती, तिने आदल्या दिवशी दुपारीच भरून ठेवली होती. पासपोर्ट, परीक्षेचं पत्र, दोन पेन्सिली, पाण्याची बाटली, एक केळं. पत्रावर लिहिलं होतं, साडेआठला हजर राहा, उशीर चालणार नाही. मी अंघोळ केली, कपडे बदलले, पिशवी उचलली आणि निघालो. का गेलो हे मला नीट सांगता येत नाही. मुलगी पहिल्या गाडीने निघाली होती, ती अकराला पोचणार होती. घरात बसवत नव्हतं. आणि डोक्यात आलं, तिथे तिच्या नावाने कोणीतरी वाट बघत असेल. तोंडी परीक्षा जोडीने असते. तिची जोडीदारीण एकटी पडेल.

शाळेच्या लांब व्हरांड्यात लोक भिंतीला टेकून उभे होते. सगळ्या देशांचे, सगळ्यांच्या हातात पासपोर्ट. दाराशी टेबल मांडून एक बाई यादी घेऊन बसली होती. मी पत्र पुढे केलं. तिने पत्र बघितलं, पासपोर्टावरचा फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं.

"तुमची पत्नी कुठे आहे? त्यांना स्वतः यायला लागतं."

मी म्हटलं, "येणार नाही."

"आजारी आहेत? मग डॉक्टरचं पत्र लागेल, नाहीतर गैरहजर लागेल."

मी म्हटलं, "काल संध्याकाळी मेली." जर्मनमध्ये मला एवढंच येतं, निधन-बिधन असलं येत नाही. इस्ट टोट.

ती बाई उभी राहिली. टेबलाच्या पलीकडून तिने माझा हात धरला. मग बसली आणि यादीकडे बघत राहिली. यादीत नावापुढे दोनच चौकोन होते, एक हजर, एक गैरहजर. तिचं पेन दुसऱ्या चौकोनावर आलं. मी म्हटलं, "तसं लिहू नका. ती आली नाही असं नाही. तिने पिशवी भरली होती." आणि पिशवी टेबलावर ठेवली. तिने पेन बाजूला ठेवलं. दोन्ही चौकोन कोरेच राहिले. नंतर काय केलं असेल ते तिला ठाऊक.

मागून कोणीतरी माझ्या बायकोचं नाव घेतलं. डोक्याला रुमाल बांधलेली एक चाळिशीची बाई होती. सिरियाची, आमच्या हिच्या वर्गातली. मी तिला त्या चहा-बिस्किटांच्या संध्याकाळी लांबून बघितलं होतं. तिने पिशवी ओळखली होती. हीच ती जोडीदारीण.

मी तिला सांगितलं. ती भिंतीला टेकली. तिचं जर्मन माझ्यासारखंच, मोडकं, पण तिला खूप बोलायचं होतं.

"ती वर्गात सगळ्यात जास्त बोलायची," ती म्हणाली. "बाई म्हणायच्या, आता इतरांना बोलू द्या. तुमच्याबद्दल बोलायची. तुमच्या जहाजाबद्दल. आम्ही हसायचो."

मी म्हटलं, "माझी बायको?"

"हो. बोलायची आणि हसवायची." मग तिने छातीवर हात ठेवला. "पण इथे दुखायचं तिला. वर्गाच्या जिन्यावर आम्ही दोघी बसायचो, मध्येच. मी म्हणायची डॉक्टरकडे जा. ती म्हणायची, नवरा म्हणतो परीक्षेनंतर."

तिने हे मला लागावं म्हणून सांगितलं नाही. तिला जे माहीत होतं ते तिने सांगितलं. जिन्यावर बसून, शब्द शोधत शोधत, माझ्या बायकोने हिला सगळं सांगितलं होतं. हिने तिला शब्द शोधू दिले होते.

दार उघडलं आणि आतून त्या सिरियाच्या बाईचं नाव पुकारलं. तिने डोळे पुसले. मला विचारलं, "मी जाऊ?" जशी काही माझी परवानगी हवी. मी म्हटलं, "जा. जा आणि बोल." ती आत गेली. तिची जोडी कोणाशी लावली ते मला माहीत नाही. मी थोडा वेळ बाकावर बसलो, मग पिशवी घेऊन स्टेशनला गेलो.

गाडी वीस मिनिटं उशिरा आली. मुलगी डब्यातून उतरली ती थेट माझ्या गळ्यात पडली. तिच्या एका हातात बॅग, दुसऱ्या हातात कोट. माणसं आमच्या दोन्ही बाजूंनी जात होती. ती म्हणाली, "बाबा, आईला त्रास तरी नाही ना झाला? तुम्ही म्हणालात अचानक."

घरी नेऊन, चहा पाजून, बसवून सांगता आलं असतं. पण घरी गेलो असतो तर सांगितलं नसतं. शेजारी आले असते, फोन आले असते, आणि ते 'अचानक'च खरं होऊन बसलं असतं.

मी तिला बाजूला खांबाशी घेतलं. "मी काल तुला खोटं सांगितलं," मी म्हटलं. "आईला काहीतरी सांगायचं होतं. मालवणीत सांगायला लागली. मी तिला म्हटलं, जर्मनमध्ये बोल."

मुलीच्या हातातली बॅग तशीच होती. मी थांबलो नाही. पायऱ्यांवर बसलेली ती, डॉक्टरकडचा गुरुवार, वर केलेलं बोट, अँब्युलन्सच्या बाईला दिलेलं उत्तर, सगळं मी तिथे उभ्याउभ्या सांगितलं.